सल्ला हवा: रहस्यकादंबरीच्या मलपृष्ठावरचा मजकूर कसा सुधारू?

दुधनाकाठ
नमस्कार मंडळी. माझी पहिली रहस्यकादंबरी छपाईला जायच्या बेतात आहे. मलपृष्ठाचा मजकूर प्रकाशकांनी मलाच लिहायला सांगितलाय. खाली बारकोड, आयएसबीएन आणि किंमत येणार, म्हणून शंभर शब्दांच्या आत बसवायचा आहे.

कथा परभणी जिल्ह्यातल्या एका काल्पनिक गावची. दुष्काळात गाव बुजलेल्या बारवेचा गाळ काढतं, तळाशी सांगाडा सापडतो, सोबत हाली सिक्क्याचं, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या चलनाचं, नाणं. सगळे धरून चालतात की तो रझाकारांच्या काळातला, म्हणजे १९४८ च्या सुमाराचा. तलाठी अंजनाला ते पटत नाही. सध्याचा मजकूर असा:

"मराठवाड्याच्या मातीत घडलेली, अंगावर काटा आणणारी थरारक कहाणी! १९४८ च्या धामधुमीत एका माणसाचा खून होतो. पंचाहत्तर वर्षांनी बारवेच्या तळाशी त्याचा सांगाडा सापडतो. तलाठी अंजना शोध घेऊ लागते आणि एकामागून एक धक्कादायक रहस्यं उलगडत जातात. निजामकालीन नोंदी, भाऊबंदकी, प्रेम आणि सूड यांचा हा गुंता सुटेल का? सांगाडा खरंच तेवढा जुना आहे का?"

काय काढू, काय ठेवू? मोकळेपणाने सांगा.

स्टॉलवरचा माणूस
ताई, पहिली ओळ आधी काढा. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरच्या साहित्य संमेलनात मी पुस्तकांच्या स्टॉलवर उभा होतो. माणूस पुस्तक उचलतो, मुखपृष्ठ बघतो, उलटं करतो, किंमत बघतो आणि मग वरच्या दोन ओळी वाचतो. तेवढ्यात पुस्तक हातात राहतं नाहीतर खाली जातं. तुमच्या त्या दोन ओळी "थरारक" सांगण्यात गेल्या. बारव तिसऱ्या वाक्यात आली, गाळ तर आलाच नाही! ऑनलाइन विक्रीतही मोबाइलवर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं "आणखी वाचा"च्या मागे.

मुद्रितशोधक
मला याहून मोठी अडचण दिसते. "१९४८ च्या धामधुमीत एका माणसाचा खून होतो" हे वाक्य कोण बोलतंय? मलपृष्ठ बोलतंय, म्हणजे पुस्तक स्वतः बोलतंय. आणि शेवटच्या प्रश्नावरून मला तरी वाटतं की तो माणूस १९४८ मध्ये मेलेला नाही. तसं असेल तर पुस्तकाने वाचकाशी खोटं बोलल्यासारखं होतं. रहस्यकथेच्या वाचकाला चकवा आवडतो, खोटं आवडत नाही. पात्रं हवं तितकं खोटं बोलोत, निवेदकाने बोलू नये, आणि मलपृष्ठ हे निवेदनच आहे.

उपाय सोपा आहे. तो समज गावाच्या तोंडी घाला: "गाव म्हणतं, रझाकारांच्या काळातला असेल." वाक्य शंभर टक्के खरं राहतं आणि वाचक तरी चकतो. शेवटचा प्रश्न पूर्ण काढा, कारण तो तुमचा मधला कलाटणीबिंदू फुकट देऊन टाकतो. साधारण पहिल्या चौथाईत जे घडतं त्याच्या पुढचं काहीच मलपृष्ठावर नको.

सेलूची लेक
दुधनाकाठ, विषय वाचूनच छान वाटलं. आमच्या तालुक्यात वालूरची ती गोल गोल उतरत जाणारी बारव आहे, तिच्यामुळं असेल. दोन गोष्टी सांगते.

"निजामकालीन नोंदी" हे शब्द तिथं नकोत. २०२३ पासून आपल्याकडं ते शब्द आरक्षणाच्या बातम्यांतच ऐकू येतात, वाचकाचं मन भलतीकडं जाईल. त्यापेक्षा "जुना फेरफार" म्हणा, गावातल्या प्रत्येकाला कळतं. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण तुम्ही तलाठीच ठेवा, लोक तेच म्हणतात.

आणि ते नाणं बिलकुल सोडू नका! हाली सिक्का १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतरही काही वर्षं चालत होता. म्हणजे नाणं सापडलं म्हणून माणूस १९४८ चाच, असं होत नाही. हे ज्याला माहीत आहे तो वाचक मलपृष्ठावरच थबकेल, आणि तुम्ही त्याला काही सांगितलेलंही नसेल.

लातूरकर
थोडा वेगळा सूर लावतो. १९४८ हा आकडा पूर्ण घालवू नका. आमच्या घरात आजही रझाकारीच्या गोष्टी निघतात, त्यासाठी मी हे पुस्तक उचलीन.

मुद्रितशोधक
पण मग पुस्तक १९४८ चं नाही निघालं तर तुम्हीच चिडाल, लातूरकर. "रझाकार" एवढा शब्द पुरे, तोही गावाच्या तोंडी.

दुधनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मुद्रितशोधक, निवेदकाचा मुद्दा फार मोलाचा वाटला. नवा मजकूर:

"दोन वर्षं पाऊस नाही. गावकरी बुजलेल्या बारवेत गाळ काढायला उतरतात. पाण्याआधी हाडं लागतात, माणसाची. शेजारी हाली सिक्क्याचं एक नाणं.
गाव म्हणतं, रझाकारांच्या काळातला कुणीतरी असेल. सरपंचांना काम पुन्हा सुरू करायची घाई आहे. तलाठी अंजना मात्र बारवेच्या जमिनीचा जुना फेरफार काढते. त्यावर अंगठा आहे तिच्याच आजोबांचा.
तिच्या हातातला कागद आणि गावाची गोष्ट जुळत नाही. अंजनाला सत्य सापडेल का?"

अंगठ्याची गोष्ट चाळिसाव्या पानाच्या आत येते.

सेलूची लेक
"पाण्याआधी हाडं लागतात"! आता हे आपल्या गावचं वाटतं.

स्टॉलवरचा माणूस
शेवटच्या दोन्ही ओळी काढा, "आजोबांचा"वर थांबा. सत्य सापडणार हे रहस्यकादंबरी घेणाऱ्याला माहीतच असतं. आजोबांनी काय केलं हे माहीत नसतं, त्यासाठी तो पैसे देईल.

मुद्रितशोधक
सहमत. छपाईआधी मलपृष्ठ खऱ्या आकारात कागदावर काढून बघा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं स्क्रीनवर छान दिसतात, छापल्यावर शाई पसरून वेलांट्या-मात्रा बुजतात. आणि कादंबरी न वाचलेल्या एखाद्याला मजकूर वाचायला देऊन विचारा, "खून कुणी केला असेल?" त्याने तुमच्या खऱ्या गुन्हेगाराचं नाव घेतलं, तर सरपंचांचं वाक्य पुन्हा तपासा.