टीव्हीखालचा पीसी लिनक्सवर न्यावा की नको? माझं मत: न्यावा

वडगावचा_माग

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून ओळखीतले चौघे जण एकच विचारून गेले: हॉलमध्ये टीव्हीला जोडलेल्या जुन्या पीसीचं आता करायचं काय? माझा पीसी चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवर चालतो, रॅम ४ जीबी. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे माझा बाद. बेळगावच्या खडेबाजारात विचारलं तर नवीन घ्या म्हणाले. धडधाकट मशीन का टाकायचं?

मी विंडोज काढून लिब्रेएलेक घातलं. हे लिनक्सच आहे, म्हणजे विंडोजच्या जागी घालायची वेगळी सिस्टीम, पण त्याला एकच काम: कोडी नावाचं सिनेमा-गाणी लावायचं सॉफ्टवेअर चालवणं. बटण दाबलं की थेट सिनेमा-गाण्यांची यादी. डेस्कटॉप नाही, पासवर्ड नाही.

आमच्याकडे हा पीसी सगळ्यात जास्त आई वापरते. बाबांचा विणकामाचा माग होता. गल्लीतल्या देवळात सप्ताह बसला की टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत बसायचे आणि कीर्तनं टेप करायचे. त्या साठेक कॅसेट मी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न बिघडवता दाबलेल्या फाइलींत, उतरवल्यात. ६० मिनिटांची कॅसेट वेव्हमध्ये (न दाबलेल्या फाइलमध्ये) ६०० एमबीच्या वर जाते, फ्लॅकमध्ये साधारण निम्म्यावर येते. पूर्वी त्या ऐकायच्या म्हणजे आईनं चष्मा लावायचा, सोफ्याच्या हातावर माऊस फिरवायचा, मध्येच कुठलीतरी इंग्रजी चौकट यायची आणि मला कामावर फोन: "हे काय विचारायलंय बघ रे." आता यूएसबीला रिमोटचा रिसीव्हर लावलाय. जुन्या टीव्हीचाच रिमोट. खाली, खाली, ओके. फोल्डरची नावं मराठीत आहेत. सुरुवातीला अक्षरांच्या जागी चौकोन दिसत होते. कोडीच्या स्किनच्या, म्हणजे दिसण्याच्या, सेटिंगमध्ये एरियलवाला फॉण्ट निवडला आणि दिसायला लागली. पहिल्या दिवशी तिनं एकटीनं कीर्तन लावलं तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरातच थांबलो. टाळ थांबले आणि बाबांचा आवाज आला, "कॅसेट पलटी कर रे." ते मलाच सांगितलेलं आहे, मी तेव्हा आठ वर्षांचा असेन.

टीव्हीजवळचा पीसी ही घरातली वस्तू आहे, मिक्सरसारखी. ज्याला कॉम्प्युटर येत नाही त्याला ती वापरता आली पाहिजे. म्हणून म्हणतो, लिनक्सवर न्या.

टिळकवाडी_सिनेमा

आईंचा मुद्दा शंभर टक्के पटला. पण शीर्षकात तुम्ही सगळ्यांनाच "न्यावा" म्हणालात, तिथे माझा ठाम विरोध आहे.

एक तर कोडी विंडोजवरही चालतो. स्टार्टअपला टाका, तोही उघडल्या उघडल्या समोर येतो. त्यासाठी सगळी सिस्टीम कशाला बदलायची? दुसरं, ओटीटी. या कंपन्या चित्र किती चांगलं द्यायचं हे वाइडवाइन नावाच्या कुलपावर ठरवतात. त्याची एल-१ पातळी हार्डवेअरमधून चालते. लिनक्सच्या ब्राउझरला एल-३ म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरची पातळी मिळते. त्यामुळे फोर-के विसरायचं, आणि काही सेवा तर फुल एचडीही देत नाहीत. वर्गणी भरायची पूर्ण आणि चित्र बघायचं पुसट? आमच्या घरात ५५ इंची टीव्ही आहे, फरक लगेच कळतो.

तिसरं, आवाज. मी दोन वर्षांपूर्वी प्रयत्न केलाय ओ. एक नेहमीचं डेस्कटॉप लिनक्स घातलं, ब्लू-रेवरून घेतलेली ट्रूएचडीची (डॉल्बीच्या उच्च दर्जाच्या आवाजाची) फाइल लावली, आणि स्पीकरच्या रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काही केलं तरी पीसीएम, म्हणजे पीसीनंच उलगडलेला साधा आवाज. डॉल्बी यायला दोन रात्री गेल्या. सगळ्यांकडे दोन रात्री नसतात.

सुरक्षेची काळजी असेल तर विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. घाई काय आहे?

वडगावचा_माग

पासथ्रूचं, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा रिसीव्हरला देण्याचं, तुमचं दुखणं खरं आहे, पण त्याचं कारण वेगळं. डेस्कटॉप लिनक्समध्ये मध्ये साउंड सर्व्हर (सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज एकत्र करणारा) बसलेला असतो, तो एचडीएमआय धरून ठेवतो. लिब्रेएलेकमध्ये कोडी थेट अल्साशी, म्हणजे लिनक्सच्या साउंड ड्रायव्हरशी, बोलतो. आउटपुटला एचडीएमआय निवडायचं, पासथ्रू चालू करायचं, रिसीव्हरला जे फॉरमॅट येतात त्यांच्यापुढे खूण करायची. तुम्ही चुकीच्या लिनक्सवर दोन रात्री घालवल्या.

ओटीटीचं मान्य. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

खानापूरचा_पाऊस

मी वडगावच्या दादांच्या बाजूनं. आमच्याकडे पाऊस लागला की दिवसातून चार-पाच वेळा करंट जातो. इन्व्हर्टरवर पंखे आणि बल्ब, टीव्हीची लाइन त्यावर नाही. पीसी असा धाडकन बंद पडला की माझा जीव वर-खाली व्हायचा. लिब्रेएलेकमध्ये मूळ सिस्टीम एका दाबून भरलेल्या फाइलमध्ये असते आणि ती फक्त वाचली जाते, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. त्यामुळे करंट गेला तरी सिस्टीम शाबूत राहते. तुमच्या सेटिंग आणि यादी वेगळ्या भागात असतात, तिथे मात्र धोका आहे, म्हणून बॅकअप काढून ठेवा. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) करंट आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, ती लावलीय. सासूबाईंना बटणसुद्धा दाबावं लागत नाही.

आणखी एक, याचा कुणी विचार केलेला दिसत नाही. डीडी फ्री डिशची छत्री असेल (जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व) तर यूएसबीचा डीव्हीबी-एस२ ट्यूनर (छत्रीचा सिग्नल पीसीत घेणारा) लावून टीव्हीहेडएंड नावाच्या सॉफ्टवेअरमधून ते चॅनेल कोडीतच येतात. महिन्याचा खर्च शून्य. सासूबाईंना सह्याद्री लागतं. मुलं कन्नड शाळेत आहेत, त्यांना मी दूरदर्शनचं कन्नड चॅनेल चंदना लावून देते. सीमाभागातल्या घरात एकाच रिमोटवर दोन्ही भाषा असणं मला मोठी गोष्ट वाटते. फक्त ट्यूनर घेण्याआधी त्याची चिप लिनक्सला चालते का ते बघाच. मी पहिला घेतला तो चालला नाही.

निपाणी_नाका

दोघांचंही चुकतंय असं मला वाटतं. टीव्हीला स्टिक (एचडीएमआयला लावायची छोटी स्ट्रीमिंग डबी) लावा. ओटीटीचं कुलूप अधिकृत, रिमोटवर माईक, आणि वीज अगदी थोडी. जुना डेस्कटॉप नुसता बसून राहिला तरी त्याच्या कितीतरी पट खातो. पीसी ठेवायचाच असेल तर माळ्यावर ठेवा, फाइली नेटवर्कवरून द्या. स्टिकवरही कोडी चालतो की.

टिळकवाडी_सिनेमा

निपाणीकर, स्टिकवर ट्रूएचडी जसंच्या तसं बाहेर पडेल याची खात्री नसते, म्हणून तर पीसी आहे. आणि चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवाल्यांना एक सांगतो: त्या चिपमध्ये एचईव्हीसी (फोर-के फाइली बहुतेक ज्यात दाबलेल्या असतात तो फॉरमॅट) उलगडायचं हार्डवेअर नाही. १०-बिट एचईव्हीसी नीट सातव्या पिढीपासून आलं. लिनक्स घातलं म्हणून फोर-के फाइल चालू लागणार नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडेल आणि चित्र अडखळेल. हे कुणी सांगत नाही, म्हणून लोक फसतात.

वडगावचा_माग

बरोबर. माझ्याकडे सगळं जुन्या एच.२६४ फॉरमॅटमध्ये आहे, म्हणून मला अडचण आली नाही. हे आधीच लिहायला हवं होतं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर लिब्रेएलेकची "लेगसी" आवृत्ती घ्यावी लागते, हेही सांगून ठेवतो.

ज्यांना बघायचंय त्यांनी हार्डडिस्कला हात लावू नका. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवा, आवाज, रिमोट, फॉण्ट तपासा. त्याआधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग विंडोजचा एनटीएफएस ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसता वाचता येतो किंवा उघडतच नाही. आणि माणूस म्हणतो, लिनक्सनं डेटा खाल्ला.

टिळकवाडी_सिनेमा

माझा पीसी विंडोजवरच राहणार, मत बदललेलं नाही. पण आमच्या आजोबांच्याही भजनाच्या कॅसेट शहापूरच्या घरी ट्रंकेत पडून आहेत. तुम्ही कशानं उतरवल्या?

वडगावचा_माग

कॅसेट डेकच्या हेडफोनच्या भोकातून नको, मागच्या लाइन-आउटमधून वायर घ्या आणि पीसीच्या निळ्या लाइन-इनमध्ये लावा. गुलाबी माईकचं आहे, त्यात आवाज फाटतो. आधी हेड आणि रबरी रोलर स्पिरिटनं पुसा, कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, मगच रेकॉर्ड करा. माझा डेक चालू आहे. नसेल तुमच्याकडे तर रविवारी वडगावला या, ट्रंक घेऊनच या.