मदत हवी आहे: आई गमावलेल्या सात वर्षांच्या भाच्याला 'लिलो अँड स्टिच' दाखवू का?

नमस्कार. इथे बरेच आईबाबा आहेत, सिनेमे बारकाईने पाहणारेही आहेत, म्हणून विचारते.

माझा भाचा सात वर्षांचा आहे, जूनमध्ये दुसरीत जाईल. दिवाळीनंतर वहिनी आजारपणात गेली. दादाची नोकरी फिरतीची, आई-बाबा थकलेले. मी पुण्यातून बिनपगारी रजा घेऊन नोव्हेंबरपासून सांगलीत घरीच आहे.

त्याच्या पाण्याच्या बाटलीवर मोठ्या कानांचा एक निळा प्राणी आहे. बाटली वहिनीने घेतलेली. झाकण तुटलंय, थेंब गळतात, पण बदलू देत नाही. गेल्या आठवड्यात यूट्यूबवर त्याला त्या प्राण्याच्या सिनेमाची जाहिरात दिसली आणि "आत्या, माझा निळू सिनेमात आलाय!" म्हणून घरभर नाचला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून काही मागितलं. जुन्या 'लिलो अँड स्टिच'वरून खऱ्या नटांसह केलेला हा नवा सिनेमा 23 मे 2025ला लागतोय. कॅलेंडरवर त्या तारखेला त्याने निळ्या खडूने गोल केलाय.

त्याला फक्त निळू माहीत आहे, गोष्ट माहीत नाही. मलाही नव्हती. म्हणून परवा तो झोपल्यावर 2002चा मूळ अ‍ॅनिमेशनपट पाहिला आणि रात्रभर डोळा लागला नाही. निळू म्हणजे त्यातला परग्रहावरून आलेला स्टिच. आणि हवाईच्या बेटावरची लहानगी लिलो. तिचे आईवडील अपघातात गेलेले, सांभाळते मोठी बहीण नानी. नानीची नोकरी जाते आणि लिलोला तिच्यापासून काढून नेण्याची वेळ येते. सुरुवातीलाच लिलोला नाचाच्या वर्गाला उशीर होतो, कारण ती एका माशाला पीनट बटरचं सँडविच खाऊ घालायला गेलेली असते. तो मासा हवामान ठरवतो, असं तिला वाटतं. पुढे कधीतरी कळतं, की आईवडील गेले तेव्हा पाऊस होता. उशीखाली त्यांचा फोटो ठेवते. आमच्याकडेही उशीखाली फोटो आहे.

सिनेमा वाईट आहे असं मुळीच नाही, फार मायेने केलाय. भीती वेगळी आहे. फेब्रुवारीत मी घरी 'फाइंडिंग निमो' लावला होता. माशांचा आहे, रंगीत आहे, एवढंच डोक्यात होतं. पहिल्या काही मिनिटांतच निमोची आई जाते, हे मी साफ विसरले होते. हा उठला, टीव्ही बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. रडला नाही. दोन दिवस जेवताना बोलला नाही.

दुसरा एखादा सिनेमा सुचवावा म्हणून यादी काढली. 13 जूनला 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' खऱ्या नटांसह येतोय, त्यातल्या मुलालाही आई नाही. 20 जूनला पिक्सारचा 'एलिओ' येतोय. तो मुलगा अनाथ, एलिओ सोलीस, आणि त्याला सांभाळणारी ओल्गा सोलीस. आडनाव एकच, म्हणून मी तिला आत्याच म्हणते. ट्रेलर पाहताना मला हुंदका आला. मोठ्या बाईला आला तर त्या लेकराचं काय होईल?

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर आता यूए 7+, 13+, 16+ असे भाग असतात. त्यावरून वय कळतं, पण आई नसलेल्या मुलासमोर काय येणार ते कळत नाही.

तर सांगा: न्यावं का? नेलं तर गोष्ट आधी सांगून ठेवावी का? की सरळ "तिकिटं मिळाली नाहीत" म्हणावं? खोटं बोलायची इच्छा नाही, पण गॅलरीतली ती पाठ पुन्हा बघवणार नाही. नवा सिनेमा पाहून कुणी सांगितलं तर फारच उपकार होतील.

प्रतिसाद

ताई, तिकिटं मिळाली नाहीत असं सांगू नका. शाळा सुरू झाली की वर्गातलं कुणीतरी सांगेलच. नेणार असाल तर सकाळचा खेळ घ्या, गर्दी कमी असते. कडेच्या खुर्च्या घ्या, म्हणजे कुणाच्या पायांवरून न जाता बाहेर पडता येतं. "नको वाटलं तर माझा हात दाब, आपण उठू, पैशांचं काही नाही" हे घरातून निघतानाच सांगा. आपल्याकडे मध्यंतर असतं, तेव्हा "पुढचं बघायचं की घरी जायचं?" असं त्यालाच विचारा. माझी मुलगी आवाजाला घाबरायची. उठता येतं हे कळल्यावर ती कधी उठलीच नाही.

प्रतिसाद

ड्रॅगनबद्दल लिहितो, मुलांबरोबर पारायणं झाली आहेत. 2010च्या मूळ अ‍ॅनिमेशनपटात आईचा उल्लेख थोडकाच आहे. वडील मुलाला शिरस्त्राण देतात, ते आईच्या चिलखताच्या अर्ध्या भागापासून केलेलं असतं. प्रसंग छोटा आहे, वडिलांना बोलणं जमत नाही, मुलालाही नाही. शेवटी मुलाचा पाय जातो, ते मात्र आधी सांगून ठेवा. लढाया मोठ्या आहेत, सात वर्षांच्या मुलाला आवाज झेपतो का बघा.

पण एक विनंती. तो आवडला म्हणून घरी लगेच 2014चा दुसरा भाग लावू नका. त्यात मेली असं समजलेली आई जिवंत सापडते, वीस वर्षांनी. आणि वडील मरतात. तुमच्या भाच्यासाठी यातलं पहिलं जास्त अवघड जाईल असं मला वाटतं. "मग माझी आई कुठे आहे?" याला उत्तर नाही.

जाता जाता: 2002चा लिलो आणि 2010चा ड्रॅगन हे दोन्ही ख्रिस सँडर्स आणि डीन डिब्लॉय या जोडीने दिग्दर्शित केलेत. नवा ड्रॅगनही डिब्लॉयचाच आहे. नव्या लिलोचा दिग्दर्शक वेगळा आहे, पण स्टिचचा आवाज आजही सँडर्सचाच.

प्रतिसाद

माझी बायको गेली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. आता पंधराची आहे. मी वर्षभर तिच्यासमोरून आया असलेली पुस्तकं, आया नसलेले सिनेमे, सगळं लपवलं. नंतर तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही चॅनेल बदलायचात तेव्हा मला वाटायचं आईचं नाव काढलं तर तुम्ही रागवाल."

निमोच्या वेळी त्याला गाठलं ते अचानकपणाने. गोष्ट आधी सांगा, घरी, दिवसाउजेडी, काहीतरी करता करता. शेंगा सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना. "देवाघरी गेले" म्हणू नका, "वारले" म्हणा. देवाघरून परत यायची वाट मुलं बघत बसतात. सांगून झाल्यावर तो विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्या.

'डझ द डॉग डाय' नावाचं एक संकेतस्थळ आहे. सुरुवात 'सिनेमात कुत्रा मरतो का' या प्रश्नापासून झाली, आता आईवडील मरतात का वगैरेही प्रेक्षक तिथे नोंदवतात. नवा सिनेमा लागला की बघा.

प्रतिसाद

काही वेगळं हवं असेल तर त्याच 23 मेला 'एप्रिल मे 99' हा मराठी सिनेमाही येतोय. तीन मित्र आणि 1999ची उन्हाळ्याची सुट्टी. भाषा आपली असल्यामुळे मुलाला शेजारी बसून अर्थ सांगत बसावं लागत नाही. आजी-आजोबांनाही नेता येईल.

प्रतिसाद (24 मे)

काल रात्री नवा 'लिलो अँड स्टिच' पाहिला, तुमच्यासाठी लक्ष देऊन. शेवट सांगावा लागतोय, बाकीच्यांनी हा प्रतिसाद सोडून पुढे जा.

आईवडिलांचं दुःख आहेच, पण तुमच्या भाच्यासाठी अवघड ठरेल तो शेवट, आणि तो मूळ सिनेमात नव्हता. नव्यात नानी शेवटी शिकायला दूर, सॅन दिएगोला जाते. लिलो शेजारच्या तुतू आजींकडे राहते. दोघी तुटत नाहीत, परग्रहावरच्या एका यंत्राने नानी पटकन घरी येऊन भेटू शकते. सिनेमा ते आनंदाचं म्हणून दाखवतो आणि माझ्या मुलांना तसंच वाटलं. पण तुम्ही रजेवर आहात असं लिहिलंय. तुम्ही परत कधी जाणार, हे त्याला माहीत आहे का?

धागालेखिका (27 मे)

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न वाचून दोन दिवस इथे आलेच नाही.

त्याला माहीत नव्हतं. मला 16 जूनला पुण्यात कामावर रुजू व्हायचंय, त्याच दिवशी त्याची शाळा उघडते. मी रोज उद्यावर ढकलत होते. सिनेमातल्या आईची एवढी काळजी करत बसले आणि ही गोष्ट मात्र सांगितली नाही.

काल दुपारी शेंगा सोलायला बसलो. लिलोची गोष्ट सांगितली. आईबाबा वारले, ताई सांभाळते, निळू नंतर येतो. तो सोलत राहिला. मग म्हणाला, "तिला जेवायला कोण वाढतं?" मी म्हटलं, ताई. "आणि ताई गेली की?" मी म्हटलं, शेजारच्या आजी, आणि ताई यंत्राने पटकन भेटायला येते. मग पुण्याचं सांगितलं. सोमवार ते शुक्रवार मी तिथे, शनिवारी सकाळी इथे. मधल्या दिवसांत आजी वाढेल, रात्री मी व्हिडिओ कॉल करेन. तो म्हणाला, "तुझ्याकडे ते यंत्र नाही." मी म्हटलं, नाही, माझ्याकडे एसटी आहे. बराच वेळ बोलला नाही. मग रडला, मांडीवर डोकं ठेवून, मोठ्याने. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. मीही रडले.

रविवारच्या, 1 जूनच्या, सकाळच्या खेळाची तीन तिकिटं काढली आहेत, कडेच्या खुर्च्यांची. तिसरं दादाचं, तो शनिवारी येतोय. हात दाबायचं ठरलंय. बाटली बरोबर न्यायची आहे. थिएटरमध्ये पाण्याची बाटली आत नेऊ देतात का, हे सांगलीतल्या कुणी सांगेल का? रिकामी नेली तरी चालेल, पण ती दाराशी काढून ठेवावी लागली तर अवघड होईल.

आणि 20 जूननंतर कुणी 'एलिओ' पाहिला तर याच धाग्यावर लिहा. त्यातली आत्या शेवटी कुठे असते, तेवढंच सांगा.