सिरिमावो बंदरनायके: जगातली पहिली महिला पंतप्रधान, पण कोणाच्या जोरावर?

उलटतपासणी

सत्तेवर बसलेल्या बायकांची कुठलीही यादी काढा, पहिलं नाव ठरलेलं असतं. सिरिमावो बंदरनायके, सिलोन (म्हणजे आजची श्रीलंका), 21 जुलै 1960. मग 1966 ला इंदिरा गांधी, 1969 ला गोल्डा मेयर, आणि ब्रिटनला थॅचरबाई मिळायला 1979 उजाडावं लागलं. ही यादी बघून आपण दक्षिण आशियातली मंडळी कॉलर ताठ करतो: बघा, गोऱ्यांच्या आधी आमच्याकडे! माझा आक्षेप या कॉलर ताठ करण्यालाच आहे.

झालं काय होतं ते बघू. सप्टेंबर 1959 मध्ये पंतप्रधान सॉलोमन बंदरनायके यांना त्यांच्याच घरी एका बौद्ध भिक्खूने गोळ्या घातल्या. त्यांचा श्रीलंका फ्रीडम पक्ष नेत्याविना भरकटला आणि मार्च 1960 च्या निवडणुकीत मागे पडला. डडली सेनानायके यांचं अल्पमतातलं सरकार आलं आणि महिन्याभरात पडलं. तेव्हा पक्षातल्या पुरुषांना आठवल्या त्या कैलासवासी नेत्याच्या पत्नी. प्रचारसभांत नवऱ्याच्या भाषणाच्या टेप वाजायच्या, बाई डोळे पुसायच्या. विरोधकांनी ‘रडणारी विधवा’ म्हणून टिंगल केली, पण जुलैमध्ये पक्षाला 151 पैकी 75 जागा मिळाल्या. स्वतः बाई त्या निवडणुकीत उभ्याच नव्हत्या. त्यांना सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात घेऊन पंतप्रधान केलं गेलं.

माहेर रतवत्ते, म्हणजे कँडीच्या डोंगराळ भागातलं जुनं सरदार घराणं. सासर बंदरनायके. पुढे मुलगी चंद्रिका राष्ट्राध्यक्ष झाली आणि 1994 मध्ये तिने आईलाच पंतप्रधान नेमलं! याला बायकांची प्रगती म्हणायचं? बंदरनायके घराण्याच्या इतिहासात 1960 हे मोठं साल आहे, बायकांच्या इतिहासात नाही. बेनझीर (बाप), खालिदा झिया (नवरा), शेख हसीना (बाप), कोराझोन अकिनो (नवरा) या सगळ्यांची गोष्ट तीच. पुरुष मेला की त्याची खुर्ची घरात राहावी म्हणून बाई.

मतं मांडा. फक्त ‘निदान सुरुवात तरी झाली’ एवढं सांगून कटू नका.

ठाणेकर_काकू

कटणार नाही, काळजी नको.

ज्या डडली सेनानायकेंचं नाव तुम्ही इतक्या सहज घेतलंत, ते पंतप्रधान कसे झाले हो? वडील डी. एस. सेनानायके हे देशाचे पहिले पंतप्रधान. 1952 मध्ये घोड्यावरून पडून गेले, आणि गादीवर आले चिरंजीव. डडलींनी 1953 मध्ये राजीनामा दिल्यावर खुर्ची गेली ती नात्यातल्याच कोटेलावलांकडे. त्यांच्या युनायटेड नॅशनल पार्टीला, यूएनपीला, सिलोनमध्ये लोक ‘अंकल-नेफ्यू पार्टी’ म्हणत. काका-पुतण्यांचा पक्ष! (आपल्याकडे या शब्दाचं काही वेगळं स्पष्टीकरण द्यायला नको.)

आता मला सांगा, डडलींच्या नावापुढे कंसात कोणी ‘(बाप)’ लिहितं का? तुम्ही बेनझीरच्या पुढे लिहिलंत. वारसाहक्क ही तिथल्या राजकारणाचीच रीत होती. पुरुष वारस आला की तो नेता, बाई वारस आली की ती घराण्याची बाहुली. आपल्या इंदिराबाईंनाही ‘गूंगी गुडिया’ म्हणून झालं. 1966 मध्ये सिंडिकेटने, म्हणजे काँग्रेसमधल्या बड्या पुढाऱ्यांच्या गटाने, त्यांना आणलं ते ऐकतील म्हणून. तीन वर्षांत पक्ष फुटला आणि सिंडिकेट कुठे गेलं ते सगळ्यांना माहीत आहे.

तिरकस_तात्या

अवांतर, पण राहवत नाही. सिरिमावो या पहिल्या महिला *पंतप्रधान*. राजघराण्याबाहेरची पहिली महिला राष्ट्रप्रमुख म्हणाल तर तुवा नावाच्या देशाकडे जावं लागेल. मंगोलिया आणि सोव्हिएत संघाच्या बेचक्यातला हा चिमुकला देश. तिथे 1940 मध्ये खेर्तेक अंचिमा-तोका ही बाई संसदेच्या अध्यक्षमंडळाची प्रमुख झाली. 1944 मध्ये रशियाने देशच गिळला, त्यामुळे तिला यादीत कोणी घेत नाही. नवरा होता, तोही पक्षाचा बडा पुढारी. उलटतपासणीबाई खूश असाव्यात.

निरभ्र

धागालेखिकेने 1960 ची गोष्ट बरोबर सांगितली आहे, पण ती जुलैमध्येच थांबवली. माणूस खुर्चीत कसा आला हे एका परिच्छेदाचं काम. बसल्यावर काय झालं, ते बघायला नको?

आधी मागचं थोडं. सिरिमावो थेट स्वयंपाकघरातून सिनेटमध्ये गेल्या नव्हत्या. 1940 च्या दशकापासून त्या लंका महिला समितीत होत्या, खेडोपाडी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांवर काम करत. आणि ज्या बायकांपुढे त्या ‘रडल्या’, त्या बायका 1931 पासून मतदान करत होत्या. ब्रिटनमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला 1928 मध्ये, सिलोनला अवघ्या तीन वर्षांनी! आपल्याकडे सार्वत्रिक मतदान यायला त्यानंतर वीसेक वर्षं गेली. ही पार्श्वभूमी वगळली की सगळं श्रेय टेपरेकॉर्डरला जातं.

आता खुर्चीतल्या बाई. पहिल्या दोन वर्षांत त्यांनी चर्चच्या ताब्यातल्या अनुदानित शाळा सरकारजमा केल्या. त्यावरून आणि सैन्यातल्या बदलत्या हवेवरून नाराज झालेल्या लष्कर-पोलिस अधिकाऱ्यांनी जानेवारी 1962 मध्ये बंड शिजवलं. त्यात बहुतेक ख्रिस्ती, उच्चभ्रू घरांतले होते. बंड उघडं पडलं, ऐनवेळी धरपकड झाली. मग बाईंनी परदेशी तेलकंपन्यांची मालमत्ता घेतली आणि भरपाईवरून अमेरिकेने 1963 मध्ये मदत थांबवली, तरी मागे हटल्या नाहीत. 1971 मध्ये तर कळसच. एप्रिलमध्ये जेव्हीपी या डाव्या क्रांतिकारी पक्षाच्या तरुणांचं बंड झालं तेव्हा त्यांनी भारत आणि पाकिस्तान दोघांकडून लष्करी मदत मिळवली, आणि त्याच वर्षी पूर्व पाकिस्तानकडे जाणाऱ्या पाकिस्तानी विमानांना कोलंबोत इंधनही भरू दिलं. इंदिराबाईंशी मैत्री तरीही टिकली. 1974 मध्ये कच्चथीवू बेट श्रीलंकेकडे गेलं ते याच दोघींच्या करारात.

हे डोळे पुसणाऱ्या बाईचं राजकारण वाटतं का कोणाला?

मळ्यातला_चहा

निरभ्र यांचा प्रतिसाद वाचून ‘वा, काय खंबीर बाई’ म्हणायच्या आधी जरा मळ्यांत चला. माझी नोकरी चेन्नईत, आणि कामानिमित्त श्रीलंकेतून परत पाठवलेल्या तमिळ कुटुंबांशी संबंध येतो, म्हणून लिहितो.

सिलोनचा चहा खुडणाऱ्या बायका डोंगरातल्या. इंग्रजांनी तमिळ मुलखातून नेलेल्या मजुरांच्या लेकी-नाती. स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948-49 च्या कायद्यांनी या लोकांचं नागरिकत्व आणि मत दोन्ही गेलं. ते पाप सेनानायकेंचं, मान्य. पण 1964 मध्ये सिरिमावो आणि आपले शास्त्रीजी समोरासमोर बसले आणि 9,75,000 माणसांची वाटणी केली: 5,25,000 भारताने न्यायची, 3,00,000 सिलोनने ठेवायची, उरलेल्या 1,50,000 चं नंतर बघू. ते ‘नंतर’ 1974 मध्ये आलं, निम्मी तुम्ही, निम्मी आम्ही. ज्यांची वाटणी होत होती त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांत निम्म्या बायका होत्या. ज्यांनी भारत कधी पाहिला नव्हता अशा बायका, चूल-भांडी घेऊन रामेश्वरमच्या बोटीत बसल्या.

‘फक्त सिंहली’चा कायदा नवऱ्याने 1956 मध्ये केला, तो जानेवारी 1961 पासून राबवला बाईंनी. जाफन्यात तमिळांनी सत्याग्रह केला, बायकाही कचेऱ्यांसमोर बसल्या, तर आणीबाणी लावून लष्कर पाठवलं. 1972 च्या राज्यघटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान. पुढे तीस वर्षं जे पेटलं त्याची लाकडं रचणाऱ्यांत ही बाई होती. महिला पंतप्रधान झाली म्हणून कोलंबोच्या बंगल्यांत पेढे वाटले असतील, मळ्याच्या चाळीत नाही.

उलटतपासणी

मळ्यातला_चहा, +१. यात आणखी एक नाव घालते. कतरगामची प्रेमवती मनम्पेरी, वय 22, गावातली सौंदर्यस्पर्धा जिंकलेली मुलगी. 1971 च्या बंडात सैनिकांनी तिला पकडलं, विवस्त्र करून रस्त्यातून चालवलं आणि गोळ्या घातल्या. पुढे खटला होऊन सैनिकांना शिक्षा झाली, हेही खरं. पण त्या एप्रिलमध्ये संरक्षणखातं कोणाकडे होतं? पंतप्रधानांकडेच.

निरभ्र म्हणतात बाई खंबीर होत्या. मी कुठे नाही म्हटलं? खंबीरपणा कोणासाठी वापरला, एवढंच विचारते आहे. 1975 मध्ये मुदत संपत असताना नव्या घटनेच्या आधाराने 1977 पर्यंत खुर्ची लांबवली. लोकांनी मग पक्षाला आठ जागांवर आणून ठेवलं.

ठाणेकर_काकू

थांबा. गाडी रुळावरून घसरते आहे. पहिला मुद्दा होता, ‘घराण्यातून आल्या म्हणून मोजायच्या नाहीत’. आता मुद्दा झाला, ‘बायकांचं भलं केलं नाही म्हणून मोजायच्या नाहीत’. दोन्ही वेगळे आहेत, आणि पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध असतो हे तुम्ही गृहीत धरलंय.

थॅचरबाई घ्या. वाण्याची मुलगी, ना बाप मंत्री, ना नवरा. तुमच्या कसोटीवर शंभर नंबरी. साडेअकरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या कॅबिनेटमध्ये त्यांच्याखेरीज किती बायका? एक. बॅरोनेस यंग, तीही दोन वर्षांच्या आत बाहेर. उलट नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड, स्वतः डॉक्टर, पण वडील गुडमुंड हार्लेम मंत्री होते. त्या बाईंनी 1986 मध्ये 18 जणांच्या मंत्रिमंडळात आठ बायका बसवल्या. मग दार कुठलं हे बघून काय कळलं?

आणि मळ्यातला_चहा, तुमचं दुःख खरं आहे, आकडे खरे आहेत. पण त्या करारावर दुसरी सही शास्त्रीजींची होती. ‘पुरुष असून मजूर पुरुषांचा विचार केला नाही’ असं त्यांना कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

मळ्यातला_चहा

काकू, विचारायला हवं. मी विचारतो.

मांडवीकाठची

गोव्यातून एक उदाहरण, कारण वारस म्हणून आलेली बाई आमच्याही घरात आहे. ऑगस्ट 1973 मध्ये भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि मुख्यमंत्री झाल्या त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर. त्याआधी त्या आमदार आणि मंत्री होत्या, पण बांदोडकर नसत्या तर खुर्ची मिळाली असती का? नसती. हे गोव्यात त्यांचे चाहतेही मान्य करतात.

पण मुंडकारांना घरातून हुसकता येणार नाही असा 1975 चा कायदा, आणि कसेल त्याला जमिनीची मालकी देणारी 1976 ची कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती, दोन्ही ताईंच्या काळातली. भाटकार, म्हणजे जमीनदार, कोर्टात गेले, राजकारणात ताईंना त्याची किंमतही मोजावी लागली. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जागेत घर बांधून राहिलेलं कुटुंब, त्याने ‘नीघ’ म्हटलं की चंबूगबाळं उचलायचं. त्या घरांतल्या म्हाताऱ्या आजही ताईंचं नाव घेतात, आणि त्यांना बांदोडकर आडनावाचं काही पडलेलं नसतं. उलटतपासणी यांच्या तराजूत हे कुठल्या पारड्यात टाकायचं?

तिरकस_तात्या

पारड्यात टाकायचं तर ताराराणींनाही टाका. मार्च 1700 मध्ये राजाराम महाराज गेले, लहानगा मुलगा गादीवर, कारभार आणि लढाई बाईंच्या हातात. पुढची सात वर्षं औरंगजेबाला दख्खनेत पळवलं. आपण त्यांना कंसात ‘(नवरा)’ लिहितो का? ‘भद्रकाली कोपली’ म्हणतो. सिंहलींनी आपल्या बाईला काय म्हणावं ते त्यांच्यावर सोडा.

उलटतपासणी

तात्या, ती राजेशाही होती, तिथे वारसाखेरीज दुसरं दारच नव्हतं. मी बोलते आहे मतपेटीबद्दल. मांडवीकाठची, ताईंचं उदाहरण भारी आहे, आणि मुंडकार कायदा मी ताईंच्याच खात्यावर लिहीन, घराण्याच्या नाही. पण एक ताई सापडल्याने चाल बदलत नाही. वारसदार बाईमुळे *दुसऱ्या* बायकांना वाट मिळाली का, हे दाखवा. जगातली पहिली महिला पंतप्रधान देणाऱ्या श्रीलंकेत 2020 च्या संसदेत 225 पैकी बायका किती होत्या? बारा.

निरभ्र

बाराचा आकडा बरोबर आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्यापुढचं पानही वाचा. सप्टेंबर 2024 मध्ये हरिणी अमरसूर्या पंतप्रधान झाल्या. विद्यापीठात शिकवणाऱ्या, घराणं शून्य. नोव्हेंबरच्या निवडणुकीत कोलंबो जिल्ह्यातून त्यांना साडेसहा लाखांवर पसंतीची मतं पडली. संसदेत बायका सुमारे दहा टक्क्यांवर गेल्या. आणि त्या ज्या आघाडीच्या, तिच्या केंद्रस्थानी आहे जेव्हीपी. सिरिमावोंनी 1971 मध्ये चिरडली तीच.

उलटतपासणी

म्हणजे घराण्याबाहेरची बाई यायला 1960 पासून 64 वर्षं लागली, आणि ती आली घराण्यांना कंटाळलेल्या लोकांनी दोन्ही जुने पक्ष भिरकावल्यावर. माझंच म्हणणं तुम्ही पुराव्यासकट मांडलंत. आभार.

ठाणेकर_काकू

64 वर्षं जास्तच झाली, कबूल. आता सहज म्हणून आणखी एक हिशोब करा. आपलं महाराष्ट्र राज्यही 1960 चंच, सिरिमावोंच्या शपथविधीपेक्षा अडीच-तीन महिन्यांनी मोठं. पंचायतीत बायकांना 50 टक्के जागा दिल्या म्हणून आपण 2011 पासून पाठ थोपटून घेतोय. मुख्यमंत्र्यांची यादी काढा आणि त्यात बाई शोधा. घराण्यातली चालेल, बिनघराण्याची चालेल.