स्कॉट वायलंड : तुरुंगाने संपवलं की लाडाने?

रात्रपाळी (धागाकर्ता)

परवा पहाटे कामावरून परतताना 'कोअर' पुन्हा ऐकला. स्टोन टेंपल पायलट्स या अमेरिकन रॉक बँडचा हा पहिला अल्बम, १९९२ चा. एकट्या अमेरिकेत ८० लाखांच्या वर खपलेला. १९९४ मध्ये त्यातल्या 'प्लश' या गाण्याला ग्रॅमी मिळालं, त्याच वर्षी दुसरा अल्बम 'पर्पल' आल्या आल्या पहिल्या क्रमांकावर गेला. गायक स्कॉट वायलंड तेव्हा २६ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी पॅसाडीनात हेरॉइन आणि कोकेनसह त्याला अटक झाली. मग २० वर्षं अटक, उपचार, सुटका, पुन्हा अटक. ३ डिसेंबर २०१५ ला मिनेसोटातल्या ब्लूमिंग्टनमध्ये दौऱ्याच्या बसमध्ये तो मृत सापडला. वय ४८.

सगळे म्हणतात, स्वतःच्या हाताने वाटोळं करून घेतलं. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण १९९९ चं साल आहे. त्या जुलैत त्याचा हेरॉइनचा ओव्हरडोस झाला. वाचला. पण आधीच्या खटल्यामुळे तो प्रोबेशनवर, म्हणजे अटींवर मोकळा होता, म्हणून तोच ओव्हरडोस शर्तभंग ठरला आणि लॉस एंजेलिसच्या कोर्टाने एक वर्षाची शिक्षा सुनावली. डिसेंबरअखेर सुटला, पण माझा मुद्दा महिन्यांचा नाही. मधुमेहाचा रोगी गोड खाऊन बेशुद्ध पडला तर आपण त्याला कोठडीत टाकतो का? पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००० मध्ये, त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन ३६' मंजूर केलं: नुसतं बाळगल्याच्या गुन्ह्यात पहिल्या दोन वेळा तुरुंगाऐवजी उपचार. म्हणजे लोकांना जे कळलं, ते कायद्याला एक वर्ष उशिरा कळलं.

एक आवाज आपण असा घालवला, याची मला आजही चीड येते.

साधा माणूस

रात्रपाळी, तुमची तळमळ कळते, पण तुम्ही सोयीचं तेवढंच साल उचललंत.

तुरुंगाऐवजी उपचार त्याला त्या मतदानाच्या कितीतरी आधी मिळाले होते. १९९६ मध्ये कोर्टाने त्याला उपचार केंद्रातच पाठवलं होतं. दोन वर्षांनी तो न्यूयॉर्कमध्ये पुन्हा हेरॉइनसह सापडला. इतक्या संधी ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत अशा कुणाला मिळतात? त्या काळात अमेरिकेत याहून कमी मालासाठी लोक वर्षानुवर्षं आत होते.

आणि मधुमेहाचं उदाहरण इथे लागू होत नाही. मधुमेही माणूस साखर खाऊन दुसऱ्याच्या अंगावर गाडी घालत नाही. २००३ मध्ये, स्वतःच्या ३६ व्या वाढदिवशी, नशेत गाडी चालवताना याने उभी गाडी ठोकली. नोव्हेंबर २००७ मध्ये पुन्हा नशेत गाडी, त्याबद्दल १९२ तासांची तुरुंगाची शिक्षा. त्या उभ्या गाडीत कुणी बसलेलं असतं तर आज हा धागा दुसऱ्याच कुणाच्या नावाने निघाला असता.

२००३ च्या त्या अटकेनंतर काय झालं तेही लिहायला हवं होतं. कोर्टाच्या हुकुमाने तो केंद्रात राहत होता आणि रोज ठरावीक तासच स्टुडिओत जायची मुभा होती. त्या तुटपुंज्या तासांत व्हेल्व्हेट रिव्हॉल्व्हर या त्याच्या दुसऱ्या बँडचा 'कॉन्ट्राबँड' हा अल्बम गाऊन झाला. जून २००४ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला, पुढच्या वर्षी ग्रॅमी. डोक्यावर कोर्टाचा दंडुका होता तेव्हाच हा माणूस उभा राहिला, आणि तो सैल झाला तसा पुन्हा बसला. माझ्या मते त्याला संपवलं ते लाडाने.

तिसरी तार

तुम्ही दोघंही कोर्टाबद्दल बोलताय. त्याच्या मागे वाद्यं धरून उभ्या असलेल्यांचं काय?

मी स्वतः बँडमध्ये बेस वाजवतो, हौशी का होईना. गायक तालमीला येणार की नाही या विचारात घड्याळाकडे बघत बसणं म्हणजे काय, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. अँप तापलेले, ड्रमवाला चौथ्यांदा तीच सुरुवात वाजवतोय, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि प्रत्येकाच्या मनात एकच शंका की आज फोन आला तर तो कसला असेल. आमचा गायक फक्त आळशी होता. डीन आणि रॉबर्ट डिलिओ हे भाऊ आणि ड्रमर एरिक क्रेट्झ यांनी याच्या शंभरपट सोसलं. १९९६ चा दौरा मोडला. 'नंबर फोर' ऑक्टोबर १९९९ मध्ये बाजारात आला तेव्हा गायक तुरुंगात! नवा अल्बम, आणि मंचावर उभं राहायला तोंड नाही. तिघांच्या ऐन उमेदीची वर्षं अशी गेली.

फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी एका ओळीचं निवेदन काढून त्याला बँडमधून काढलं तेव्हा लोक त्यांनाच दगाबाज म्हणाले. नंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांवर दावे ठोकले, ते ओंगळ होतंच. पण आधी २० वर्षं त्यांनी वाट पाहिली होती हे कुणी मोजलं नाही.

व्हेल्व्हेट रिव्हॉल्व्हरबद्दलही एक सांगतो. तिथला बेसवादक डफ मकेगन स्वतः दारूने मरता मरता वाचलेला. १९९४ मध्ये, तिशीत, त्याचं स्वादुपिंड फुटलं होतं. तेव्हापासून त्याने मार्शल आर्टचा ध्यास घेऊन स्वतःला सावरलं. तो वायलंडला शहरापासून लांब, डोंगरात, आपल्या गुरूकडे घेऊन गेला. ना कोर्टाचा दंडुका, ना लाड. एका सुटलेल्याने दुसऱ्याला हात दिला. त्याचाही उपयोग काही काळ झालाच, हे विसरू नका.

रात्रपाळी

@साधा माणूस, गाडीचा मुद्दा मान्य. तिथे शिक्षा हवीच, त्यावर वाद नाही. मी बोलतोय ते स्वतःच्या शरीरात विष घालण्याबद्दल.

दंडुक्याचं म्हणाल तर आकडे ऐका. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या ३० हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यात ओव्हरडोसने मरण्याचा धोका त्या राज्यातल्या इतर लोकांच्या १२९ पट होता. एकशे एकोणतीस पट! कारण अगदी साधं आहे. आत असताना सवय मोडते, शरीराची ताकद उतरते, पण डोक्यात जुनं माप तसंच राहतं. बाहेर येऊन माणूस तेवढंच घेतो आणि श्वास थांबतो.

उलट ऱ्होड आयलंडने २०१६ पासून तुरुंगातच मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन अशी हेरॉइनची तलफ दाबणारी औषधं द्यायला सुरुवात केली. त्याआधी, त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत, सुटलेल्यांपैकी २६ जण ओव्हरडोसने गेले होते. २०१७ च्या त्याच सहामाहीत ९. दंडुका तोच, पण सोबत औषध दिलं. वायलंड आत गेला तेव्हा ब्युप्रेनॉर्फिनला या आजारासाठी परवानगीसुद्धा नव्हती, ती २००२ ची.

साधा माणूस

आकडे भक्कम आहेत. पण ते ज्याला लागू पडतात तो माणूस हा नव्हे. वायलंड हेरॉइनने गेला नाही. शवविच्छेदनात कोकेन, दारू आणि एमडीए हा अमली पदार्थ निघाला, शिवाय हृदयविकार आणि दमा. मेथाडोन कोकेनवर चालत नाही, आणि कोकेन सोडवणारं मान्यताप्राप्त औषध आजही नाही. तेव्हा 'औषध दिलं असतं तर वाचला असता' हे तुमच्या आशेचं बोलणं आहे.

आता अमेरिकन गायक डेव्हिड क्रॉस्बीकडे बघा. १९८२ मध्ये टेक्ससमध्ये कोकेन आणि पिस्तुलासह पकडला गेला. पाच वर्षांची शिक्षा झाली. अपील, उपचार केंद्र, तिथून पळ, सगळं करून झालं. शेवटी डिसेंबर १९८५ मध्ये फ्लोरिडात एफबीआयच्या कचेरीत स्वतः चालत गेला. हंट्सव्हिलच्या तुरुंगात त्याचे ते लांब केस आणि मिशा कापल्या. तिथेच तो कैद्यांच्या बँडमध्ये वाजवायला लागला. ऑगस्ट १९८६ मध्ये सुटला तो हेरॉइन-कोकेनपासून मोकळा होऊन. त्यानंतर साडेतीन दशकं जगला, ८१ व्या वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये गेला. तुरुंगानेच आपली सवय तोडली, असं तो स्वतः सांगायचा. गंमत म्हणजे १९८७ मध्ये ती शिक्षाच वरच्या कोर्टाने रद्द केली.

रात्रपाळी

क्रॉस्बी वाचला म्हणून आपल्याला त्याची गोष्ट माहीत आहे. त्याच तुरुंगातून सुटून त्याच महिन्यात मेलेल्यांची नावं ना तुम्हाला ठाऊक, ना मला. त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही.

अबोली

दोन दिवस वाचतेय. लिहावं की नाही कळत नव्हतं.

माझा भाऊ सात वर्षं यात होता. रात्रपाळी म्हणतात तसा तो आजारच आहे, मला ते कुणी शिकवायला नको. पण आजारी माणसाशेजारी जगणाऱ्यांना जे होतं त्याला तुमच्या वादात जागाच नाही. आमच्या घरात न्हाणीघराच्या दाराची कडी काढून टाकली होती. तो आत गेला की मी बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकायची. नळ सलग वाहत राहिला की छातीत धस्स व्हायचं, कारण माणूस खरंच आंघोळ करत असेल तर आवाज बदलत राहतो. सात वर्षं मी पाण्याचा आवाज ऐकला. आजही कुठे नळ वाहता राहिला की मी उठून जाते.

वायलंड गेल्यावर त्याची आधीची बायको, त्याच्या दोन्ही मुलांची आई, मेरी फोर्सबर्ग हिने एक पत्र लिहिलं होतं. ते पुन्हा वाचा. मुलांनी बाप ३ डिसेंबरला गमावला नाही, तो वर्षानुवर्षं आधीच गमावला होता, हे तिचं म्हणणं. या मरणाचा गौरव करू नका, हे दुसरं. जन्म-मृत्यूची सालं छापलेला टीशर्ट घेऊ नका, त्या पैशांत एखाद्या पोराला खेळ बघायला किंवा आइस्क्रीम खायला न्या, असं तिने चाहत्यांना सांगितलं. इतकं थेट मी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

रात्रपाळी, तुम्ही लिहिलंत 'एक आवाज आपण घालवला'. आपण नाही घालवला. आपल्याला तर सगळी गाणी मिळाली. घालवलं ते त्या दोन मुलांनी.

रात्रपाळी

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. ते वाक्य मी चाहत्याच्या जागेवरून लिहिलं, तिथे तुम्ही बरोबर आहात. न्हाणीघराचं विसरणार नाही.

पण चाहत्यांबद्दलच अजून एक आहे. एप्रिल २०१५ मध्ये टेक्ससच्या कॉर्पस क्रिस्टीतल्या कार्यक्रमाचा एक व्हिडिओ सगळीकडे फिरला. वायलंड एका जागी खिळल्यासारखा उभा, शब्द तालाच्या मागे फरफटत चाललेले. लाखो लोक ते बघून हसले. त्यापूर्वी महिन्याभरातच, ३० मार्चला, त्याच्या वाइल्डअबाउट्स या बँडचा गिटारवादक जेरेमी ब्राउन गेला होता, अंमली पदार्थांमुळेच. दुसऱ्या दिवशी त्यांचा अल्बम यायचा होता. हा माणूस त्याच्याशिवाय दौऱ्यावर निघाला होता. तो व्हिडिओ मीही दोघा-तिघांना पाठवला होता, 'बघा काय झालंय याचं' म्हणून. त्याची लाज वाटते.

तिसरी तार

मीही पाठवला होता.

आणि विचारायचं ते हेच: त्या अवस्थेत त्याला बसमध्ये बसवून गावोगाव कोण फिरवत होतं? तारखा घेणारे, तिकिटं विकणारे, मंचावर लोटणारे. कोर्टाची शिक्षा निदान कागदावर सापडते. यांची कुठेच नोंद नाही.

साधा माणूस

यावर मात्र पूर्ण सहमत. पैसे परत करावे लागतील म्हणून कार्यक्रम रद्द न करणं हा मला त्याच्या सगळ्या अटकांपेक्षा मोठा गुन्हा वाटतो.

नवा_वाचक

इथे पहिल्यांदाच लिहितोय. वायलंड कोण ते मला या धाग्यावरूनच कळलं. माझा चुलतभाऊ पुढच्या आठवड्यात केंद्रातून घरी येतोय, तीन महिन्यांनी. सवय हेरॉइनची होती. ते पहिल्या दोन आठवड्यांचं वाचून झोप उडाली. घरी सगळे खूश आहेत, सत्काराची तयारी चाललीय. मी काय करू?

अबोली

सत्कार नको. गर्दी, पाहुणे, 'आता बरा झालास ना' हे त्याला झेपणार नाही. घर नेहमीसारखं असू दे.

तो यायच्या आधी केंद्रातल्या डॉक्टरांशी बोला. औषध सुरू ठेवणार का, पुढची तपासणी कधी, आणि नॅलॉक्सोन घरात ठेवता येईल का, हे तिन्ही विचारा. नॅलॉक्सोन अफूवर्गातल्या नशेचा ओव्हरडोस उलटवतं, पण ते जवळ असेल आणि वापरता येत असेल तरच. देऊन झालं तरी दवाखान्यात न्यावंच लागतं, त्याचा असर लवकर उतरतो.

आणि त्याला स्पष्ट सांगा, घाबरून नको, चिडून नको: 'पूर्वीचं माप आता तुला मारेल.' आम्ही भावाला हे सांगायला लाजलो होतो. वाटलं, नुसतं नाव काढलं तरी तलफ येईल. असं होत नाही.

रात्रपाळी

पहिले पंधरा दिवस त्याला रात्री एकटं ठेवू नका. मी रात्रभर जागाच असतो. कधीही व्यक्तिगत निरोप पाठवा.

साधा माणूस

घरच्यांना विश्वासात घ्या, सगळं तुमच्या एकट्यावर नको. पाळ्या लावा. आणि आला की इथे कळवा.