सगळं जळून गेल्यावर आग लावली होती हे कळतं कसं?

सायली:
घराचा कोळसा झालेला, त्यावर बंबाचं पाणी. तरी पोलीस ‘घातपाताचा संशय’ म्हणतात ते कशावरून? पेट्रोल तर जळूनच जात असेल ना?

लॅबवाला:
सगळं जळत नाही. ओतलेलं पेट्रोल फरशीच्या फटीत, चौकटीच्या बुडाशी, गालिच्याखाली झिरपतं. तिथे पुरेशी हवा पोचत नाही, म्हणून थोडं उरतं. तो मलबा हवाबंद डब्यातच यायला हवा. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून वाफ निघून जाते. मी फॉरेन्सिक लॅबमध्ये होतो, तेव्हा डबा हातात आला की आधी झाकण आणि सील बघायचो. सोबत त्याच गालिच्याचा, पेट्रोल पडलं नसावं अशा कोपऱ्यातला तुकडाही मागायचो. गालिच्याचा फोम जळताना स्वतःच पेट्रोलमधल्यासारखी काही द्रव्यं सोडतो. नमुन्यातली द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीचे, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीचे, दोन्ही आलेख शेजारी ठेवल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही, हा माझा नेम होता.

अर्थात लॅबचा नंबर नंतर. आधी आग कुठून सुरू झाली ते शोधतात: भिंतीवरचा व्ही आकाराचा डाग, विजेच्या तारांवरचे वितळलेले मणी, पहिल्या पोचलेल्या जवानाचा जबाब. दार आतून बंद होतं का, हे त्यालाच ठाऊक असतं. दोन खोल्यांत वेगवेगळी आग लागली आणि मधे काहीच जळालं नाही, तर मात्र संशय बळावतो.

कौस्तुभ:
काचेला जाळीसारखे तडे गेले म्हणजे पेट्रोल, हे खरं का?

लॅबवाला:
अजिबात नाही! तापलेल्या काचेवर पाणी पडलं की तसे तडे जातात. टेक्सासमध्ये १९९१ साली कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमच्या घराला आग लागून त्याच्या तीन मुली गेल्या. खटल्यात असे तडे आणि जमिनीवरचे डाग आग लावल्याच्या खुणा ठरवले गेले. २००४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला. या खुणांवरून तसं म्हणताच येत नाही, असं अनेक अग्नितज्ज्ञांनी पुढे सांगितलं. खोलीतलं सगळं एकदम पेट घेतं, त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात; त्यानंतर पेट्रोल नसतानाही ओतल्यासारखे डाग उमटतात. हे आठवलं की अजून संताप होतो.

सायली:
मग माणसापर्यंत कसे पोचतात?

लॅबवाला:
सीसीटीव्ही, मोबाइलचं लोकेशन, नुकताच वाढवलेला विमा, आगीच्या आधी घराबाहेर नेलेले फोटो अन् कागदपत्रं. संशयिताचे कपडे आणि हातावरचे करपलेले केसही बघतात. पण केस कुणाला वाचवतानाही करपतात, आणि कपड्यांवर पेट्रोल सापडलं तरी ते गाडीत भरताना उडालं होतं का, हे तपासावंच लागतं.