थंडीत पहाटे स्प्लेंडर वीस-वीस किका मागते. कार्बोरेटर बदलू की साफ करू?

निफाडची_लेक
नमस्कार मंडळी. वडिलांची २००६ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस आहे, नुसती किकची. त्यांचे गुडघे गेले, म्हणून दोन वर्षांपासून मी चालवते. आमच्याकडची थंडी तुम्हाला ठाऊक असेलच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते. नेमक्या त्याच रात्री आम्हाला पहाटे तीन-चारला बागेत जावं लागतं. द्राक्षाला पाणी सोडायचं, बांधाने शेकोट्या पेटवायच्या, नाहीतर मणी तडकतात. आणि नेमकी तेव्हाच गाडी अडून बसते.

लक्षणं अशी: चोक ओढून, रेस पिळून वीस-पंचवीस किका माराव्या लागतात. एकदा लागली की चोकवर चालते, चोक सोडला की लगेच बंद. दहा मिनिटांनी गरम झाली की मात्र अर्ध्या किकेत लागते, दिवसभर काही तक्रार नाही. एका मेस्त्रीने प्लग बदलला, फरक नाही. दुसऱ्याने कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू फिरवले, तेव्हापासून ॲव्हरेजही घटलं. तिसरा म्हणतो कार्बोरेटरच नवा टाका. गाडी विकायची नाही. काय करू?

बुलेटवाले_काका
ताई, आधी ती रेस पिळणं बंद करा. इंजिन बंद असताना ॲक्सिलरेटर कितीही पिळला तरी तुमच्या कार्बोरेटरमधून पेट्रोलचा थेंब जास्त जात नाही, त्याला पंप नसतो. उलट किक मारताना रेस उघडी असली की आतली ओढ कमी होते आणि चोकचा उपयोगच राहत नाही. माझ्या जुन्या बुलेटला चोक म्हणतात ते खरं तर पेट्रोलची वेगळी वाट उघडणारं बटण आहे, तुमच्याकडे हवेचं तोंड झाकणारी पाकळी असते. पण नियम दोन्हीकडे एकच: थंड इंजिन, पूर्ण चोक, रेस बंद.

माझी पद्धत सांगतो. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू करून अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी भरते. चावी बंद ठेवून, चोक ओढून दोन-तीन सावकाश किका. मग चावी लावून एक पूर्ण, खालपर्यंत नेलेली किक. अर्धवट लाथा मारून दमायचं नाही. लागली की चोक एकदम नाही, अर्धा-अर्धा करत सोडायचा.

साताऱ्याचा_मेस्त्री
काकांची पद्धत बरोबर आहे. पण चोक सोडल्यावर बंद पडते म्हणजे दोष गाडीत आहे, पायात नाही. बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ते इंजिनच्या तोंडाशी नळीला ओलं होऊन चिकटतं, आत जातं ती नुसती हवा. म्हणून चोक लागतो. पण गाडी नंतरही चोकशिवाय उभी राहत नसेल, तर तिला कायमच पेट्रोल कमी पडतंय. गरम झाली की तेवढ्यावर भागतं, थंडीत भागत नाही. याची तीन कारणं असतात: पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) तुंबलेला, कुठूनतरी फालतू हवा ओढली जातेय, किंवा टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हजवळची फट) टाईट. कार्बोरेटर बदलायची वेळ फार कमी वेळा येते.

उद्या सकाळी गाडी लागत नसताना दहा किका मारून प्लग काढून बघा. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर ओव्हर झालीय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. मग कॉक बंद, चोक बंद, रेस पूर्ण उघडी ठेवून सहा-सात किका. ठिणगी बघायची तर प्लग टोपीत घालून इंजिनच्या पंख्यांना टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते. निळी, कडक ठिणगी हवी. बॅटरीचा विचार करू नका, तुमच्या गाडीची ठिणगी इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटवर आहे.

मग कॉक बंद करून वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि आलेलं पेट्रोल काचेच्या पांढऱ्या बाटलीत धरा. प्लास्टिकच्या डब्यात काही दिसत नाही. बाटली पाच मिनिटं हलवायची नाही. तळाला काय बसतं ते इथे लिहा. आणि एक विचारतो, गाडी धुता कशाने?

दोन स्क्रूंबद्दल: एक नुसता रेसचा आहे, तो आयडलिंग वर-खाली करतो. दुसरा मिश्रणाचा. तो इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेरच्या दिशेने फिरवला की पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की पेट्रोल कमी होतं. गाडी गरम असताना हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा. जोर लावला तर टोक आतल्या पितळेत रुततं आणि मग खरंच कार्बोरेटर बदलावा लागतो. हे काम जेट साफ झाल्यावरच करायचं. आधी स्क्रू फिरवणं म्हणजे तुंबलेल्या नळावर चाव्या बदलत बसणं.

जेट_वाढवा
माझ्या मते हा इथेनॉलचा प्रकार आहे. आता पंपावर २० टक्क्यांचंच मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटमधून तेवढंच इंधन गेलं तर मिश्रण पातळ होतं. शिवाय थंडीत त्याची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते. मी माझ्या गाडीत पायलट जेट एक नंबर मोठा टाकला, पहिल्या-दुसऱ्या किकेत लागते.

साताऱ्याचा_मेस्त्री
इथेनॉलचं कारण खरं आहे, नाकारत नाही. पण तुंबलेल्या जेटच्या जागी मोठा जेट टाकला की गाडी लागते आणि मूळ दुखणं झाकलं जातं. उन्हाळ्यात तीच गाडी काळा प्लग घेऊन माझ्याकडे येते. आधी साफ करा, टॅपेट करा, मग मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा पेट्रोलकडे न्या. एवढ्यावर स्प्लेंडरचं भागतं, असा माझा अनुभव आहे.

ऊसतोड_ते_पुणे
ताई, एक कळकळीची विनंती. आमच्या गावात थंडीत इंजिनखाली कागद पेटवून शेकतात. वाटीतून पेट्रोल गळत असेल तर पूर्ण गाडी जाते, मी डोळ्यांदेखत पाहिलंय. तुमच्याकडे शेकोट्या असतात म्हणून सांगतोय, गाडी त्यांच्याजवळ नेऊ नका. शेकायचंच असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं कार्बोरेटरला गुंडाळा.

आळेफाटा_१००सीसी
ऑइल कोणतं आहे? खूप जण २०डब्ल्यू४० टाकतात, ते थंडीत काकवीसारखं घट्ट होतं, किक जड जाते आणि इंजिन हवं तेवढं फिरत नाही. कंपनीचं १०डब्ल्यू३० टाका.

निफाडची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी भावाबरोबर बसले.

प्लग कोरडा. ठिणगी निळी. बाटलीत जे दिसलं ते बघून मला धक्काच बसला: वर पिवळसर पेट्रोल, तळाला उडदाच्या दाण्याएवढे गढूळ थेंब, बाटली कलती केली की पाऱ्यासारखे घरंगळणारे, आणि त्यांच्याखाली तंबाखूच्या चुऱ्यासारखा तपकिरी गाळ.

मेस्त्रीदादा, तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं. फवारणी झाली की गाडीवर औषधाचे डाग पडतात, मी ती एचटीपी पंपाच्या (जोरदार दाबाने फवारणाऱ्या पंपाच्या) गनने धुते. टाकीच्या झाकणाचं रबर दाबून पाहिलं, लाकडासारखं कडक.

साताऱ्याचा_मेस्त्री
मग पाणी तिथूनच शिरतंय. इथेनॉल आधी ते पाणी शोषून घेतं, म्हणून दिसत नाही. प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं आणि पेट्रोल वर राहतं. कॉकचं तोंड खालीच असतं, त्यामुळे गाडीला आधी ते पाणी मिळतं. गाळ टाकीच्या गंजाचा. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, कॉकची जाळी साफ करा, झाकणाचं रबर नवं टाका.

कार्बोरेटर खोलताना जेटमध्ये सुई किंवा टाचणी घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ते परत येत नाही. वायरमधला तांब्याचा एक केस काढा, तो चालतो. काहींत पायलट जेट निघत नाही, पक्का बसवलेला असतो, मग आतूनच क्लीनर आणि हवेच्या नळीने. कार्बोरेटर परत बसवताना मधल्या काळ्या इन्सुलेटरचं रबर नवं घाला आणि दोन्ही नट थोडे-थोडे, आळीपाळीने आवळा. एकच बाजू करकचून आवळली की फ्लँज (कार्बोरेटरचा चपटा काठ) वाकतो आणि तिथून हवा ओढतो.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभ्या गाडीवर, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), मॅन्युअलमधल्या मापाने. सैल टॅपेट टकटक करतं, ते ऐकू येतं. टाईट झालेलं गप्प असतं, त्यामुळे गाडी छान वाटते आणि कॉम्प्रेशन मात्र गळत राहतं. ॲव्हरेज जाण्याचं तेही कारण असू शकतं.

निफाडची_लेक
आठ दिवसांनी लिहितेय. जेट निघाला. ट्यूबलाइटसमोर धरला तर आरपार काहीच दिसेना. तांब्याचा केस तीनदा फिरवून फुंकर मारली, तेव्हा भोकात टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला. वडील शेजारी खुर्चीवर बसले होते, त्यांनीही तो जेट हातात घेऊन बराच वेळ उजेडाला धरून पाहिला. एक्झॉस्टचं टॅपेट इतकं टाईट की गेजची पट्टी आत जाईना. ऑइल बदललं. टाकी दोनदा धुतली, झाकणाचं रबर आणि इन्सुलेटरचं रबर मिळून खर्च कार्बोरेटरच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही.

काल पहाटे साडेतीनला चावी बंद ठेवून दोन किका, चावी लावून तिसरी, आणि लागली. चोक दोन मिनिटांत सोडता आला. आतून वडिलांनी आवाज दिला, "लागली का गं?"

गाडी आता गनने धुणं बंद, बादली आणि फडकं. मिश्रणाचा स्क्रू अजून तसाच आहे. दादा, पाव फेरा आताच करू की टाकीतलं हे पेट्रोल संपू देऊ?

साताऱ्याचा_मेस्त्री
संपू द्या. नव्या पेट्रोलवर दोनशे किलोमीटर चालवा, प्लग काढून रंग बघा. विटकरी असेल तर हातच लावू नका. पांढरा असेल तर पाव फेरा. आणि आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तेव्हा कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत चालू ठेवायची.