मान्यता आणि ठराव: दोन वेगळ्या तारखा

वर एकांनी लिहिलंय की बांगलादेशला मान्यता संसदेने ठराव करून दिली. यात दोन गोष्टींची गल्लत होतेय. ठराव झाला होता ३१ मार्च १९७१ला, आणि त्यात पूर्व बंगालच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या, जनतेला सहानुभूती व पाठिंबा होता. मान्यता आली ६ डिसेंबरला, भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झाल्यावर तीन दिवसांनी. इंदिरा गांधींनी लोकसभेत उभं राहून ती जाहीर केली. आपल्याकडे मान्यता देणं हे सरकारचं काम, त्याला सभागृहाचं मतदान लागत नाही. भूताननेही त्याच दिवशी मान्यता दिली, हे मात्र फार कुणाला आठवत नाही.

तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, दिव्यावर कागदाची टोपी, आणि अंधारात रेडिओभोवती सगळा मजला. बातमी ऐकून आजीने देवापुढे साखर ठेवली होती. तो क्षण मला अजून लख्ख आठवतो.

पाकिस्तानने मान्यता द्यायला फेब्रुवारी १९७४ उजाडला. त्याच वर्षी सप्टेंबरात बांगलादेश संयुक्त राष्ट्रांत गेला. त्याआधी, १९७२मध्ये, चीनने व्हेटो वापरून तो प्रवेश अडवला होता.